वीस पट, एक खेळाडू

शाळेत एक ग्रँडमास्टर वीस विद्यार्थ्यांशी एकाच वेळी खेळतो, तेव्हा त्याची स्मरणशक्ती अफाट असणार, असेच सर्वांना वाटते. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांच्या १९७३च्या प्रयोगात वेगळेच दिसले. खऱ्या डावातील स्थिती पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडूने बहुतेक सोंगट्या अचूक मांडल्या. सोंगट्या वाटेल तशा ठेवल्यावर मात्र तोही नवशिक्यासारखाच अडखळला. सरावाने ओळखीच्या झालेल्या रचनाच त्याच्या मदतीला येतात.

असा कार्यक्रम ठरवताना आधी वेळेचे गणित करावे. एका पटाला १५ सेकंद धरली, तर वीस पटांच्या फेरीला ५ मिनिटे लागतात; डाव ४० चालींपर्यंत गेले, तर तीन तास २० मिनिटे. पट दुप्पट केले, की वेळही दुप्पट. म्हणून पट मोजकेच ठेवावेत. मुलांना पाणी, खाऊ आणि मध्ये पाय मोकळे करायला सवड द्यावी.

खेळाडू समोर आल्यावरच चाल करायची, हा नियम पाळायलाच हवा. तोवरची पाच मिनिटे हात आवरून विचार करण्याची. डाव हरला, तरी ही सवय मुलाकडे राहू शकते.