लोणी, पण कुठली?

मॉरिशसहून मूळ गाव शोधत येणाऱ्या मराठी पाहुण्यांकडे बहुधा एक उतारा असतो. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांची जुनी रजिस्टरं जपली आहेत, त्यांतला. आलेल्या प्रत्येकाला तिथे एक नंबर मिळे. त्या नंबरापुढे नाव, बापाचं नाव, जात, वय, उंची, अंगावरच्या खुणा, जहाज आणि गाव. 1860च्या दशकापासून तर फोटोही काढू लागले. आपल्याकडे त्या काळातल्या कुळवाड्याची उंची कुणी मोजली होती? त्या उताऱ्यात नसतं ते फक्त आडनाव. पुढे तिकडे तर आजोबांचं पाळण्यातलं नावच घराण्याचं आडनाव होऊन बसलं. त्यामुळे पाहुणे ज्या आडनावाची चौकशी करतात, ते इथल्या कुठल्याच सातबाऱ्यावर सापडत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो. गुलामी संपली, उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती. 1834पासून करारावर मजूर जाऊ लागले. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. 1839मध्ये ही भरती थांबवली, 1842नंतर पुन्हा सुरू झाली आणि मुंबई बंदरातूनही माणसं जाऊ लागली. एकूण साडेचार लाखांवर लोक मॉरिशसला उतरले. त्यांत मराठी थोडे. त्यांतही कोकणातले फार, घाटावरचे कमी.

मला कुतूहल आहे ते या कमी असलेल्यांचं. बारामती-इंदापूरच्या मुलखातून माणूस का निघाला असेल, याचं उत्तर महसुलाच्या दप्तरात मिळतं. कंपनी सरकारच्या प्रिंगलसाहेबाने बसवलेला सारा इतका जड झाला की इंदापुरात निम्म्याहून अधिक जमीन पडीक राहिली आणि रयत निजामाच्या हद्दीत पळाली. तेव्हा गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1836मध्ये इंदापुरातच नवी मोजणी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवला. मुंबई इलाख्याची पुढची सगळी जमाबंदी याच घडीवर बसली. आपल्या तालुक्याचं हे स्थान इंदापूरकरांनाच ठाऊक नाही, याचा मला राग येतो. मालोजीराजांच्या गढीपाशी जो तो फोटो काढतो. विंगेटचं नाव कोण घेतो? आयर्लंडचे लोक या बाबतीत हुशार. त्यांच्या जुन्या जनगणनेची बरीच कागदपत्रं 1922च्या आगीत डब्लिनला जळाली, तर अमेरिकेत गेलेल्यांचे वंशज आता ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनाच्या यादीतून आपलं खेडं हुडकतात. दुष्काळानंतर कोण कुठल्या तुकड्यावर राहत होतं, ते त्या यादीत आहे.

आता मुख्य गोम. उताऱ्यावर गाव ‘लोणी’ आणि जिल्हा ‘पूना’ लिहिला असेल तर काय करायचं? बारामती तालुक्यात लोणी भापकर, इंदापुरात लोणी देवकर, हवेलीत लोणी काळभोर आणि लोणीकंद. पाटील-देशमुखांच्या नावाचं शेपूट बंदरावरच्या कारकुनाने गाळलेलं. शिवाय तो ऐकेल तसं लिहिणार. परगण्याच्या रकान्यात बारामती शोधणारेही फसतात, कारण तेव्हा तालुक्याचं नाव भीमथडी. बारामती त्याचं ठाणं. सुपे म्हटलं की शहाजीराजांच्या जहागिरीतला परगणा. म्हणून आधी भीमथडी, सुपे, इंदापूर ही तीन नावं तपासा, गाव मागाहून. आणि गाव पळसदेव निघालं तर आणखी पंचाईत. जुनं पळसदेव उजनीच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं, पण घरं आणि गल्ल्या दाखवायला कुणी उरलेलं नाही.

हल्ली कुणबी नोंदींच्या निमित्ताने 2023पासून गावोगावी गाव नमुना 14, शाळेची जनरल रजिस्टरं, मोडीतली दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणाऱ्याला एकदम भाव आला! पण ही बहुतेक कागदपत्रं मजूर जाऊ लागल्यानंतरची. ती सुरू होण्याआधी गेलेल्या माणसाला त्यांत शोधणं व्यर्थ.

राहतात नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, आणि वंशावळ सांगणारे हेळवी. रामकुंडावर गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये लांबट वही काढतात आणि तुमच्या खापरपणजोबांनी दिलेला मजकूर समोर ठेवतात. आमच्याकडे सुगीनंतर बैलावर वह्या लादून हेळवी यायचा. ओसरीवर बसून मूळ पुरुषापासून सगळ्या शाखा सुरात म्हणून दाखवायचा. एकाला मी विचारलं, “मामा, दर्यापार गेलेल्याचं काय लिहिता?” तो म्हणाला, “पायलीभर धान्य घालणारा कुणी उरला नसंल, तर त्याची शाखा पुढं कशी वाढंल?” हिशेब रोखठोक होता. वही आडनावाला ओळखते, जहाजाचं रजिस्टर माणसाला. दोघांची गाठ पडत नाही.

म्हणून पाहुण्यांना तलाठ्याकडे नेण्याआधी मी कुलदैवत विचारतो. मॉरिशसच्या मराठी घरांत गोंधळ अजून घातला जातो. आडनाव गेलं, देव राहिला. 2024मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंनी सातव्या पिढीपर्यंत ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची वाट मोकळी केल्याचं तिथे जाहीर केलं, तेव्हापासून कागदांची घाई वाढली आहे. पण सरकारी अर्जात कुलदैवताचा रकाना नसतो. कुलदैवत म्हणून नुसता खंडोबा सांगितला तर उपयोग कमी, जेजुरी अर्ध्या महाराष्ट्राची. शिरसुफळची शिरसाई म्हणाले तर शोध एकदम बारामतीच्या टापूत येतो. नीरा-भीमेच्या संगमावरचा नरसिंह सांगितला तर जरा थांबावं. त्याला मानणारी घराणी संगमापासून फार लांबवर पसरली आहेत, त्यामुळे देवक जुळल्याखेरीज इंदापूरची गाडी सांगू नये.