मॉडेलिंग ॲम्प्लिफायरची स्मरणशक्ती आणि उपासनेतील गिटार

मिस्सा सुरू असताना गिटारवादक खाली वाकून ॲम्प्लिफायरची बटणे फिरवीत आहे, हे दृश्य अनेक धर्मग्रामस्थांच्या परिचयाचे असेल. प्रवेशगीत जोमदार व्हावे म्हणून वाढवलेला आवाज प्रतिसाद स्तोत्राच्या वेळी तसाच राहतो; मग तो कमी करण्याची धावपळ होते आणि स्तोत्राची पहिली ओळ त्या धावपळीत हरवून जाते. यावरचा उपाय पुष्कळदा त्याच यंत्रात दडलेला असतो. आपल्या गायकवृंदाचा ॲम्प्लिफायर ‘मॉडेलिंग’ प्रकारचा असेल, तर बहुधा त्याला स्वतःची स्मरणशक्ती असते. तिचा उपयोग करून घ्यावा, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

पूर्वीच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला त्याचा म्हणून एक आवाज असे. वेगळा आवाज हवा असेल तर वेगळे यंत्र आणावे लागे. लाइन सिक्स या अमेरिकन कंपनीने १९९६ साली ‘ॲक्ससिस २१२’ हा ॲम्प्लिफायर बाजारात आणला. एकाच यंत्राने संगणकीय गणिताच्या साहाय्याने अनेक जुन्या ॲम्प्लिफायरांच्या आवाजाची प्रतिकृती करावी, ही त्यामागची कल्पना होती. आवाज एकदा आकड्यांत उतरला की ते आकडे साठवता येतात आणि हवे तेव्हा परत आणता येतात. अशा साठवलेल्या ध्वनिरचनेला ‘प्रीसेट’ म्हणतात.

बॉस कंपनीच्या ‘कटाना’ ॲम्प्लिफायरचे उदाहरण घेऊ. प्रथम पॅनेल हे बटण दाबावे, म्हणजे नॉब जिथे आहेत तसाच आवाज ऐकू येतो. मग अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड, ब्राउन अशा प्रकारांतून एक निवडावा आणि गेन, बास, मिडल, ट्रेबल व रिव्हर्ब मनासारखे लावावेत. आवाज पसंत पडला की चॅनेलचे एक बटण सेकंदभर दाबून धरावे. रचना त्या जागी जतन होते. पुढे तेच बटण नुसते टिचकीसारखे दाबले की ती परत येते. इतर कंपन्यांच्या यंत्रांत ‘सेव्ह’ हे वेगळे बटण असू शकते, तेव्हा माहितीपुस्तिका पाहावी. येथे एक धोका ध्यानात घ्यावा. टिचकी आणि दाबून धरणे यांत अंतर क्षणाचेच असते. घाईत बोट रेंगाळले तर जुनी रचना पुसली जाऊन तिच्या जागी भलतीच बसते आणि यंत्र ‘खात्री आहे का’ असे विचारत नाही.

आणखी दोन गोष्टी नवख्या वादकाला गोंधळात टाकतात. जतन केलेली रचना बोलावल्यावर आवाज बदलतो, पण नॉब जागचे हलत नाहीत. गेनचा नॉब तीनवर दिसतो आणि प्रत्यक्ष आवाज सातचा असतो. अशा वेळी नॉबला हात लागला की आवाज एकदम उडी मारतो. म्हणून रचना बोलावल्यानंतर डोळ्यांवर नव्हे, कानांवर विश्वास ठेवावा. दुसरी गोष्ट अशी की बोलावलेल्या रचनेत केलेला बदल पुन्हा जतन केला नाही, तर चॅनेल बदलताच तो नाहीसा होतो. मास्टर आवाजाचा नॉब तर अनेक यंत्रांत साठवलाच जात नाही; तो दर रविवारी हातानेच लावावा लागतो आणि एका अर्थी ते बरेच आहे.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. रचना कुठे तयार करावी? घरी, रात्री, शेजाऱ्यांची झोप सांभाळून लावलेला आवाज चर्चमध्ये हमखास फसतो. याचे कारण आपल्या कानांतच आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज लहान असताना कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो. साहजिकच घरी आपण बास वाढवून ठेवतो. चर्चमध्ये आवाज मोठा झाला की तोच बास घुमू लागतो आणि गायकांचे शब्द गिळून टाकतो. त्यातच उंच छत आणि उघड्या भिंती यांमुळे मंदिराचा स्वतःचा निनाद असतोच. त्यावर यंत्राचा रिव्हर्ब चढवणे म्हणजे पाण्यात पाणी ओतणे. तो अगदी कमी, क्वचित शून्यच ठेवावा. सराव रिकाम्या चर्चमध्ये होतो, मिस्सेला मात्र माणसे बसलेली असतात आणि कपडे व शरीरे बराच निनाद शोषून घेतात, हेही विसरू नये. शक्य असल्यास एखाद्याने शेवटच्या बाकावर बसून ऐकावे. शब्द तेथे स्पष्ट पोहोचले तरच ती रचना जतन करण्याजोगी.

रचना किती असाव्यात? माझ्या मते तीन पुरेत: सामूहिक गीतांसाठी स्वच्छ व भरीव, प्रतिसाद स्तोत्र आणि ख्रिस्तप्रसादानंतरच्या चिंतनासाठी मृदू, आणि तिसरी चक्क निःशब्द. ही तिसरी अनेकांना विनोद वाटेल. परंतु ट्यूबलाइट आणि पंख्यांच्या रेग्युलेटरमुळे गिटारच्या पिकअपमधून येणारी घरघर युखारिस्त प्रार्थनेच्या शांततेत किती मोठी वाटते, हे वेदीपाशी उभ्या असलेल्या धर्मगुरूंना विचारावे! १९६७ च्या ‘मुसिकाम साक्राम’ या दस्तऐवजाच्या ६४व्या परिच्छेदात म्हटले आहे की वाद्यांनी गायनाला आधार द्यावा, शब्द समजणे कठीण होईल इतके आवाज झाकू नयेत आणि धर्मगुरू आपल्या भूमिकेनुसार मोठ्याने उच्चारतात त्या वेळी वाद्ये मूक असावीत. आवाज शून्यावर ठेवून एक चॅनेल जतन केले की ही अपेक्षा एका टिचकीने पूर्ण होते. मागील बाजूस जोडता येणारा पायाचा स्विच असेल तर वाकण्याचेही कारण नाही. प्रायश्चित्तकाळात चौथा रविवार, महासोहळे आणि सण वगळता वाद्ये केवळ गायनाला आधार देण्यापुरतीच वाजवावीत, असे रोमन मिस्साग्रंथाची सर्वसाधारण मार्गदर्शिका परिच्छेद ३१३ मध्ये सांगते. त्या काळासाठी अधिक साधी रचना करून ठेवता येईल.

ॲम्प्लिफायर बहुधा धर्मग्रामाचा असतो आणि तो दोन-तीन गायकवृंद वापरतात. शनिवारी सायंकाळी युवकांनी केलेली रचना रविवारी सकाळी दुसऱ्याच कुणी पुसली, यावरून रुसवेफुगवे होतात. प्रत्येक गटाला ठराविक चॅनेल वाटून द्यावे आणि यंत्राला एक वही बांधून ठेवावी. तीत प्रत्येक रचनेचे आकडे आणि गिटार कोणती होती हे लिहावे, कारण दुसऱ्याची गिटार जोडली की तीच रचना निराळी वाजते. यूएसबीची सोय असेल तर सर्व रचनांची प्रत संगणकात काढून ठेवावी, विशेषतः यंत्र दुरुस्तीला देण्यापूर्वी. दुकानात ‘फॅक्टरी रीसेट’ केला की सगळे चॅनेल कारखान्यातून आले तसे होतात. त्यानंतर उपयोगी पडते ती ही प्रत किंवा ती वही.