बिनतारी जाळ्यांतील मोबाइल जोडणी आणि प्रवेश-नियंत्रण : पालघर–बोईसर–तारापूर परिसराच्या संदर्भात

सारांश

मोबाइल संच एका जागी स्थिर नसतो. तरीही त्याला आलेला कॉल त्याच्यापर्यंत पोहोचतो आणि चालत्या गाडीतही संभाषण सहसा तुटत नाही. यामागे संचाची ओळख पटविणे, त्याचा ठावठिकाणा ठेवणे आणि एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे जोडणी सोपविणे या तीन प्रक्रिया असतात. प्रस्तुत लेखात या प्रक्रियांचे विवेचन पालघर जिल्ह्याच्या संदर्भात केले असून महाविद्यालयीन वाय-फाय जाळ्याच्या व्यवस्थापनासाठी त्यातून मिळणारे बोधही मांडले आहेत.

महत्त्वाचे शब्द : हँडओव्हर, रोमिंग, स्थाननोंदणी, प्रवेश-नियंत्रण, वाय-फाय, सेल ब्रॉडकास्ट.

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. सागरी, नागरी आणि डोंगरी अशी तिन्ही रूपे या एकाच जिल्ह्यात आढळतात. पश्चिमेला किनारपट्टी, मध्ये पश्चिम रेल्वेचा मार्ग व तारापूर औद्योगिक वसाहत, तर पूर्वेला जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे आदिवासीबहुल डोंगराळ तालुके. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या विरारपुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव या स्थानकांवरून शिक्षणासाठी व नोकरीसाठी होणारा रोजचा प्रवास वाढला.

आज विद्यार्थ्याचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्ती, परीक्षेचे अर्ज, बँक खाते या सर्व गोष्टी मोबाइलवर येणाऱ्या ओ.टी.पी.शी जोडल्या गेल्या आहेत. २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच मोबाइलवर आला. अशा स्थितीत जोडणी तुटणे ही केवळ गैरसोय राहत नाही, तर ती संधी हुकण्याचे कारण ठरते. म्हणून ही व्यवस्था कशी चालते हे केवळ तंत्रज्ञांनीच नव्हे, तर कोणत्याही विद्याशाखेच्या अध्यापकाने समजून घेणे आवश्यक आहे.

उद्दिष्टे

१. मोबाइल जाळे संचाची ओळख व ठावठिकाणा कसा ठेवते, हे स्पष्ट करणे.
२. चालत्या संचाची जोडणी कशी टिकविली जाते, याचा विचार करणे.
३. मोबाइल जाळे व वाय-फाय यांतील मूलभूत फरक दाखविणे.
४. महाविद्यालये आणि आपत्ती-व्यवस्थापन यांच्या दृष्टीने उपयुक्त सूचना करणे.

१. ओळख पटविणे : जाळ्यात प्रवेश कोणाला?

संच सुरू करताच तो जवळच्या टॉवरचे संकेत शोधतो व जाळ्यात प्रवेश मागतो. येथे दोन वेगवेगळ्या ओळखी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली ग्राहकाची. ती सिमकार्डात साठविलेली आय.एम.एस.आय. ही जास्तीत जास्त १५ अंकी संख्या होय. आपण ज्याला मोबाइल नंबर म्हणतो तो वेगळा. तो केवळ जगाला दिलेला पत्ता आहे. दुसरी ओळख यंत्राची, म्हणजे १५ अंकी आय.एम.ई.आय. क्रमांकाची. सिमकार्ड बदलले तरी ती बदलत नाही.

ग्राहक खरा की तोतया, हे ठरविण्याची रीत मार्मिक आहे. सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते आणि तिची प्रत कंपनीच्या केंद्रात असते. ही किल्ली हवेतून कधीही पाठविली जात नाही. केंद्र एक यादृच्छिक संख्या पाठवते. सिमकार्ड त्या संख्येवर आपल्या किल्लीने गणिती क्रिया करून उत्तर परत पाठवते. केंद्राने स्वतः काढलेले उत्तर तेच असेल तर प्रवेश मिळतो. मधल्या मध्ये कोणी हे बोलणे ऐकले तरी किल्ली त्याच्या हाती लागत नाही, आणि पुढच्या वेळी संख्या निराळी असते.

दुसऱ्या पिढीच्या जी.एस.एम. पद्धतीत एक उणीव होती. जाळे ग्राहकाची परीक्षा घेई, परंतु ग्राहक जाळ्याची परीक्षा घेऊ शकत नसे. त्यामुळे खोटा टॉवर उभारून संचाला फसविणे शक्य होते. तिसऱ्या पिढीपासून परस्पर-परीक्षा आली व ही उणीव पुष्कळशी दूर झाली. यंत्राच्या ओळखीचा उपयोग चोरीस गेलेला संच बंद पाडण्यासाठी होतो. त्यासाठीच्या सी.ई.आय.आर. या केंद्रीय नोंदवहीचा प्रायोगिक प्रारंभ सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात झाला आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या संकेतस्थळाद्वारे ती सोय देशभर खुली झाली.

२. ठावठिकाणा ठेवणे : कॉल पोहोचतो कसा?

महाविद्यालयातील उदाहरण घेऊ. प्राचार्यांना एखाद्या प्राध्यापकांना बोलवायचे आहे. शिपायाला ते नेमके कोणत्या खोलीत आहेत हे ठाऊक नसते. परंतु ते विज्ञान विभागात आहेत एवढे ठाऊक असते. तो त्या विभागातील प्रत्येक खोलीत डोकावतो व प्राध्यापक सापडतात. मोबाइल जाळे नेमके असेच वागते. अनेक टॉवर मिळून एक ‘स्थानक्षेत्र’ ठरविलेले असते. संच नुसता खिशात पडून असताना जाळ्याला त्याचे केवळ स्थानक्षेत्र माहीत असते. कॉल आला की त्या क्षेत्रातील सर्व टॉवरवरून पुकारा होतो आणि संच उत्तर देतो. संचाने क्षेत्र ओलांडले की तो नवी नोंद करतो.

क्षेत्र लहान ठेवावे तर संचाला वारंवार नोंद करावी लागते व बॅटरी खर्ची पडते. क्षेत्र मोठे ठेवावे तर प्रत्येक कॉलसाठी असंख्य टॉवरवरून पुकारा करावा लागतो. या दोहोंत तोल साधणे हे जाळ्याच्या नियोजकाचे काम होय. रेल्वेमार्गावर हा प्रश्न अधिक तीव्र होतो. समजा, सकाळच्या गाडीत दोन हजार प्रवासी आहेत आणि मार्गात स्थानक्षेत्राची सीमा आहे. गाडी ती सीमा ओलांडताच जवळजवळ एकाच वेळी दोन हजार संच नोंदणीची मागणी करतात. चौथ्या पिढीत संचाला एकाऐवजी अनेक क्षेत्रांची यादी देण्याची सोय आहे. त्या यादीतील क्षेत्रांत संच फिरत राहिला तर त्याला प्रत्येक सीमेवर नवी नोंद करावी लागत नाही. वेगवेगळ्या संचांना वेगवेगळ्या याद्या देऊन ही एकदम उसळणारी लाट विभागता येते.

३. तीन सेवाक्षेत्रांच्या मधला जिल्हा

भारतात दूरसंचार परवान्यांसाठी २२ सेवाक्षेत्रे आहेत. त्यांत मुंबई हे एक स्वतंत्र क्षेत्र असून उर्वरित महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरे क्षेत्र होते. गुजरात क्षेत्रात दमण, दादरा व नगर हवेली यांचाही समावेश होतो. पालघर व बोईसर महाराष्ट्र क्षेत्रात येतात. म्हणजे दक्षिणेकडे मुंबई आणि उत्तरेकडे गुजरात, अशा दोन क्षेत्रांच्या मध्ये ही पट्टी आहे. बोईसरहून मुंबईस जाणारा विद्यार्थी घरून निघून वर्गात बसेपर्यंत एक सेवाक्षेत्र ओलांडतो. तलासरीचा कामगार उंबरगावला कामास गेला तरी तेच घडते.

सेवाक्षेत्र ओलांडल्यावर संच नव्या जाळ्यात पाहुणा ठरतो. पाहुण्या जाळ्याजवळ त्याची गुप्त किल्ली नसते. म्हणून ते मूळ जाळ्याकडे विचारणा करते, मूळ जाळे परीक्षेसाठीची संख्या व अपेक्षित उत्तर पुरवते आणि किल्ली मात्र स्वतःजवळच ठेवते. हेच रोमिंग होय. आज बहुतेक योजनांत देशांतर्गत रोमिंगचे वेगळे शुल्क नसते. ३ जुलै २०१५ पासून तर सेवाक्षेत्र बदलूनही जुना नंबर कायम ठेवता येतो. त्यामुळे ग्राहकाला ही सीमा जाणवेनाशी झाली, तरी तांत्रिक सीमा कायम आहे. सीमेवरील गावात घरात बसलेला संचही शेजारच्या क्षेत्रातील टॉवरचा बलवान संकेत पकडू शकतो.

४. हँडओव्हर : चालत्या गाडीतील जोडणी

बोलणे सुरू असताना टॉवर बदलण्याच्या क्रियेस हँडओव्हर म्हणतात. विरार ते बोईसर हे रेल्वे-अंतर सुमारे ४३ किलोमीटर आहे. गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर धरू. मार्गावरील प्रत्येक टॉवरचा पल्ला ३ किलोमीटर लांबीचा असेल तर गाडी दर दोन मिनिटांनी टॉवर बदलेल व या प्रवासात सुमारे १४ वेळा जोडणी सोपवावी लागेल. लागोपाठच्या दोन टॉवरचे पल्ले २०० मीटर लांबीत एकमेकांवर येत असतील, तर सोपविण्यासाठी केवळ ८ सेकंद हाती असतात.

संच सतत शेजारच्या टॉवरच्या संकेतांचे मापन करून जाळ्यास कळवितो आणि निर्णय जाळे घेते. शेजारचा संकेत किंचित वरचढ होताच जोडणी हलविली, तर पुढच्याच क्षणी ती परत हलवावी लागेल आणि संच दोन टॉवरमध्ये झोके घेत राहील. म्हणून शेजारचा संकेत ठरावीक फरकाने, उदाहरणार्थ ३ डेसिबलने (म्हणजे दुप्पट शक्तीने), आणि ठरावीक काळ वरचढ राहिला तरच निर्णय होतो. हा काळ फार ठेवला तर मात्र धावत्या गाडीत जुना संकेत तोवर नाहीसा होतो. पायी चालणाऱ्यास योग्य ठरणारे माप गाडीतील प्रवाशास अयोग्य ठरते. याशिवाय नव्या टॉवरवर जागा शिल्लक असावी लागते. स्थानकावर गर्दी असताना संकेत पूर्ण असूनही कॉल तुटतो, त्याचे एक कारण हे असते. विरार ते सफाळे या टप्प्यात वैतरणा खाडी व खाजण आहे. जेथे वस्ती विरळ तेथे टॉवर उभारण्याचे आर्थिक आकर्षण कमी. जव्हार-मोखाड्याच्या दऱ्यांत त्यात उंचसखल भूमीची भर पडते. सारांश, जोडणीचा प्रश्न हा तंत्राइतकाच भूगोलाचा व लोकसंख्येचाही प्रश्न आहे.

५. वाय-फाय : निर्णय संचाच्या हाती

वाय-फायचे मूळ मानक आय.ई.ई.ई. ८०२.११ हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. मोबाइल जाळ्याहून त्याचा पिंड वेगळा आहे. येथे कोणत्या ॲक्सेस पॉइंटला जोडून घ्यायचे याचा निर्णय मुख्यतः संच स्वतः घेतो. त्यामुळे ग्रंथालयात जोडलेला विद्यार्थी वर्गात आला तरी त्याचा संच ग्रंथालयाचा क्षीण संकेतच धरून बसतो. तक्रार मात्र ‘इंटरनेट मंद आहे’ अशी येते. त्यावर अनेकदा अधिक शक्तीचे उपकरण बसविले जाते व दोष वाढतो. कारण दूरच्या उपकरणाचा आवाज संचाला ऐकू येतो, पण संचाचा लहान आवाज उपकरणापर्यंत पोहोचत नाही. कमी शक्तीची अधिक उपकरणे, एकच नाव आणि २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १, ६ व ११ या एकमेकांना बाधा न आणणाऱ्या वाहिन्या, हा खरा उपाय होय. शेजारच्या उपकरणांची माहिती संचास पुरविणारी ८०२.११के आणि ओळख-परीक्षेचा वेळ वाचविणारी ८०२.११आर ही पूरक मानके २००८ मध्ये आली. नवी उपकरणे घेताना या सोयी आहेत काय, ते पाहावे.

प्रवेश-नियंत्रणाच्या बाबतीत सर्वाधिक आढळणारी पद्धत म्हणजे सर्वांसाठी एकच पासवर्ड. तो काही दिवसांत सर्वतोमुखी होतो. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेला तरी त्याचा प्रवेश संपत नाही आणि गैरवापर झाल्यास जबाबदारी कोणाची हे ठरविता येत नाही. संचाच्या मॅक पत्त्याची यादी ठेवणे हाही आता भरवशाचा उपाय राहिलेला नाही. कारण अँड्रॉइड १० (२०१९) व आय.ओ.एस. १४ (२०२०) पासून संच प्रत्येक जाळ्यास वेगळा, बनावट मॅक पत्ता दाखवतात. प्रत्येक व्यक्तीस स्वतंत्र नाव व पासवर्ड देणारी ८०२.१एक्स पद्धत येथे योग्य ठरते. याच पद्धतीवर युरोपात २००२-०३ च्या सुमारास ‘एज्युरोम’ ही व्यवस्था उभी राहिली. तिच्यामुळे एका संस्थेचा अध्यापक दुसऱ्या सहभागी संस्थेत गेल्यास आपल्याच संस्थेच्या ओळखीने वाय-फाय वापरू शकतो. पासवर्ड तपासण्याचे काम मूळ संस्थाच करते. रोमिंगचे तत्त्व येथे विद्याक्षेत्रात आलेले दिसते. भारतात ही सेवा अर्नेट इंडियामार्फत उपलब्ध आहे.

६. आपत्ती आणि ठावठिकाणा

तारापूरला १९६९ मध्ये देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले. शेजारच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. ११ जानेवारी २०२० रोजी तेथील एका कारखान्यातील स्फोटात आठ जणांचा बळी गेला. डहाणू-तलासरी भागाने नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली आहे. अशा प्रसंगी एकाच वेळी सर्वजण फोन लावतात व टॉवरवरील वाहिन्या भरून जातात. एस.एम.एस.देखील प्रत्येक क्रमांकास वेगळा पाठवावा लागत असल्याने रेंगाळतो.

सेल ब्रॉडकास्ट पद्धतीत मात्र टॉवर आपल्या पल्ल्यातील सर्व संचांसाठी एकच संदेश प्रक्षेपित करतो. त्यासाठी कोणाचाही क्रमांक माहीत असावा लागत नाही आणि संच दोनशे असोत वा वीस हजार, भार तेवढाच राहतो. २०२३ मध्ये देशभर मोठ्या आवाजासह आलेले चाचणी-संदेश याच पद्धतीचे होते. तारापूर परिसराच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, येथे परराज्यांतून आलेले असंख्य कामगार आहेत. त्यांचे सिमकार्ड त्यांच्या गावच्या सेवाक्षेत्राचे असू शकते. स्थानिक क्रमांकांच्या यादीवर विसंबणारी सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचणार नाही. सेल ब्रॉडकास्टची पोहोचेल. मात्र तो संदेश त्यांना समजेल अशा भाषेत असावा लागेल, आणि जेथे टॉवरच नाही तेथे भोंगा व दवंडी यांना पर्याय नाही.

समारोप

जोडणी टिकविण्यासाठी जाळ्याला संचाचा ठावठिकाणा ठेवावाच लागतो. हीच माहिती संकटात जीव वाचविते आणि अयोग्य हाती गेल्यास पाळत ठेवण्याचे साधन बनते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या प्रश्नास वैधानिक अधिष्ठान दिले आहे. महाविद्यालयाच्या वाय-फाय नोंदींतही कोणता विद्यार्थी केव्हा कोठे होता हे कळू शकते, याचे भान आपण ठेवले पाहिजे. या विवेचनावरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१. महाविद्यालयांनी सामायिक पासवर्ड बंद करून व्यक्तिनिहाय प्रवेश द्यावा व विद्यार्थ्याचा प्रवेश त्याच्या नोंदणीच्या मुदतीशी जोडावा.
२. वाय-फायच्या नोंदी किती काळ ठेवल्या जातील व कोण पाहू शकेल, हे लेखी जाहीर करावे.
३. ऑनलाइन अर्जांची मुदत व ओ.टी.पी.ची सक्ती ठरविताना जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवावा. महाविद्यालयात साहाय्य-कक्ष उघडावा.
४. औद्योगिक व अणुकेंद्र परिसरातील आपत्ती-सरावांत सेल ब्रॉडकास्ट संदेशांची बहुभाषिक चाचणी अंतर्भूत करावी.

बोईसरच्या फलाटावर उभा असलेला विद्यार्थी आपल्या संचावरील संकेतांच्या रेघा मोजतो, तेव्हा त्या रेघा संकेताची शक्ती दाखवितात, प्रवेशाची हमी देत नाहीत. ही हमी देणे तंत्रज्ञानाइतकेच संस्थांच्या धोरणावर अवलंबून आहे.