त्वचेचे तारुण्य मोजताना

लग्नसराई जवळ आली की पेडणे व डिचोली तालुक्यांतील काही माता आपल्या वयात येणाऱ्या मुलींसाठी ‘चेहरा उजळणारे’ मलम विचारतात. मोबाइलवर उपचारापूर्वीचे व नंतरचे अशी दोन छायाचित्रे असतात. त्यामुळे बालरोगतज्ज्ञ असूनही हा विषय मला टाळता येत नाही.

छायाचित्र केवळ पृष्ठभाग दाखविते, आणि तोही प्रकाश, कोन व प्रसाधन यांच्या अधीन राहून. सुरकुतीचे मूळ अंतस्त्वचेतील कोलॅजेनच्या ऱ्हासात असते. ते पाहण्यासाठी त्वचेचा तुकडा काढावा, तर सौंदर्योपचाराची परीक्षा चेहऱ्यावरच व्रण ठेवील. म्हणूनच छेद न घेता त्वचेच्या आत पाहण्याच्या पद्धती महत्त्वाच्या ठरतात.

पहिली पद्धत ध्वनिलहरींची. पोटाच्या सोनोग्राफीस ३ ते ५ मेगाहर्ट्झ पुरतात. त्वचेसाठी २० किंवा अधिक लागतात. उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेत बाह्यत्वचेखाली एक काळसर पट्टा दिसतो. उपचार लागू पडला, तर तो अरुंद होतो. दुसरी, १९९१ साली पुढे आलेली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी. ती प्रकाशाच्या साहाय्याने एक-दोन मिलिमीटर खोलवरचे थर दाखविते. तिसरी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शनाची. तिची खोली जेमतेम पाव मिलिमीटर, परंतु तीत पेशी दिसतात. १९९५ साली डॉ. मिलिंद राजाध्यक्ष व त्यांच्या बोस्टन येथील सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या चित्रात मेलॅनिन ठळकपणे उजळून दिसते. जे रंगद्रव्य आपण पुसू पाहतो, तेच येथे दिव्याचे काम करते!

मात्र मोजमापालाही वेळेचे भान हवे. लेझरनंतरच्या सुजेने त्वचा काही दिवस जाड व तुकतुकीत भासते. नवे कोलॅजेन घडण्यास महिने लागतात. म्हणून उपचारापूर्वी व पुढे तीन ते सहा महिन्यांनी, त्याच जागी, त्याच यंत्राने केलेली तुलनाच ग्राह्य धरावी.

स्टेरॉइडमिश्रित मलमांची गोष्ट उलटी. चेहरा झटपट उजळतो, पण दीर्घ वापरानंतर ध्वनिलहरींच्या चित्रात त्वचा पातळ झालेली आढळते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, ती उगाच नव्हे.

व्यवसायबंधूंना माझी विनंती एवढीच, की छायाचित्रावर न विसंबता मोजमाप मागावे. आणि पालकांना सांगणे असे, की पंधरा वर्षांच्या मुलीच्या त्वचेला तारुण्य परत देण्याची गरज नसते; आहे ते उन्हापासून व अशा मलमांपासून राखावे, इतकेच पुरे.