अक्षरांचा परवाना

गोरोबाकाकांचे अभंग कोणाच्या मालकीचे, याचे उत्तर कायद्यात एका ओळीत मिळते. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपतो. तेरचे हे संत तर ज्ञानेश्वर-नामदेवांचे समकालीन. आजच्या एखाद्या संपादकाच्या प्रस्तावनेवर, टिपांवर त्याचा हक्क असू शकतो, मूळ अभंगांवर कोणाचाच नाही. मात्र हे मोजकेच अभंग मोबाइलवर वाचता यावेत म्हणून मी छोटे ॲप जुळवायला घेतले, तेव्हा वेगळाच प्रश्न समोर आला. शब्द सर्वांचे, पण ज्या फाँटमधून ते दिसणार, तो कोणाचा?

फाँट म्हणजे नुसती अक्षरांची चित्रे नव्हेत. ‘क्’ला ‘ष’ भेटला की ‘क्ष’ दाखवायचा, रफार कोठे चढवायचा, हे नियमही त्याच फाइलीत असतात. म्हणून फाँट हा सॉफ्टवेअरचाच सुटा भाग आहे आणि त्याला परवाना असतो. फुकट उतरवून घेता आला म्हणजे आपल्या ॲपमध्ये घालून वाटताही येतो, असे नाही. ही गफलत मी फार ठिकाणी पाहिली आहे.

मुक्त स्रोत परवान्यांचे ढोबळमानाने दोन स्वभाव. एमआयटीसारखा परवाना म्हणतो, माझी सूचना तेवढी सोबत ठेवा, मग बदललेली आवृत्ती कुलूपबंद करून विकलीत तरी हरकत नाही. जीपीएल म्हणतो, वाटणार असाल तर स्रोतासह आणि याच मोकळ्या अटींवर वाटा. दुसरा मला अधिक न्याय्य वाटतो. परंतु फाँटच्या बाबतीत तो अडखळतो. समजा, तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयातल्या मृण्मूर्तींवर कोणी पुस्तिका लिहिली. पीडीएफ करताना फाँट त्या फाइलीत जाऊन बसतो. मग पुस्तिकाही जीपीएलखाली आली का? ही शंका दूर करण्यासाठी फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला फाँटपुरती सवलतीची वेगळी पुरवणी सुचवावी लागली.

आपल्या लिपीच्या बाबतीत हा प्रवास प्रत्यक्ष घडला आहे. रेड हॅटने २००४ साली भारतीय लिप्यांसाठीचे ‘लोहित’ फाँट जीपीएलखाली खुले केले. २०११ मध्ये ते सिल ओपन फाँट लायसन्स, म्हणजे ओएफएल, या परवान्याखाली आले. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ही त्याच परवान्याचा.

ओएफएल मी दोनदा वाचला, कारण तो छोटा आहे. फाँट एकटा विकता येत नाही. सॉफ्टवेअरसोबत घालून विकता येतो, मात्र प्रत्येक प्रतीबरोबर स्वामित्वाची सूचना आणि परवाना जायला हवा. (एकटा न विकण्याची अट तशी नावापुरतीच. सोबत चार ओळींचा प्रोग्राम जोडला की काम भागते.) फाँट बदलला तर तो ओएफएलखालीच वाटायचा, आणि मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्याला दुसरे नाव द्यायचे. फाँट वापरून केलेल्या लेखनाला यातले काहीच लागू नाही. पुस्तिका लेखकाचीच राहते.

बदलण्याची मुभा मराठीला किती मोलाची, हे ‘ल’ आणि ‘श’ पाहिले की कळते. आपल्या पाठ्यपुस्तकांतले त्यांचे वळण हिंदी छपाईतल्यापेक्षा वेगळे. एकाच देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणे ठेवून मजकुराची भाषा मराठी सांगितली की मराठी वळण दाखवता येते. ‘लोहित देवनागरी’त तशी सोय आहे. बंद परवान्याच्या फाँटमध्ये ती नसेल, तर आपण कंपनीला पत्र लिहून वाट पाहायची. ओएफएलच्या फाँटमध्ये अक्षर रेखाटू जाणणारे कोणीही, तेरमध्ये बसूनसुद्धा, तो ‘ल’ घालू शकते आणि तो पुढे सर्वांना मिळतो. पाच-दहा वर्षांनी मूळ कर्त्याने काम सोडले तरी अक्षरे अडकून पडत नाहीत. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले आणि आज उघडल्यावर भलतीच चिन्हे दाखवणारे लेख ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे महत्त्व सांगायला नको. त्या दुखण्याचे मूळ संकेतनात होते हे खरे. पण फाँट खुले असते तर त्यावरचे उपाय कितीतरी सोपे झाले असते.

माझ्या ॲपचा कोड मी एमआयटीखाली ठेवला. आतल्या फाँटचा ओएफएल त्याच्या आड येत नाही. ‘परवाने’ नावाच्या पानावर फाँटची स्वामित्वसूचना आणि ओएफएलचा संपूर्ण इंग्रजी मजकूर आहे. तो गोरोबांच्या कोणत्याही अभंगापेक्षा लांब आहे.