निर्वाताचे राखणदार

रांजणगावच्या एमआयडीसीत तयार होणाऱ्या प्रत्येक फ्रिजमध्ये गॅस भरण्याआधी त्याच्या नळ्यांमधली हवा काढून टाकावी लागते. हवेपेक्षाही महत्त्वाची असते ती तिच्यातली ओल. ओल मागे राहिली तर ती बारीक केशनलिकेच्या तोंडाशी गोठते, गॅसची वाट अडते, आणि फ्रिज गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर तक्रार सुरू होते. एलजी, व्हर्लपूल आणि २००७ मध्ये इथे आलेली हायर असे फ्रिजचे मोठमोठे कारखाने शिरूर तालुक्यातल्या या एकाच वसाहतीत आहेत. त्यांच्या लाइनवर व्हॅक्युम पंप पाळीमागून पाळी चालू असतात. कारखाना पाहायला आलेला पाहुणा रोबो बघतो, रंगकाम बघतो. पंपांच्या रांगेपाशी सहसा कुणी थांबत नाही. या लेखात आपण तिथेच थांबणार आहोत.

शिरूर-दौंड पट्ट्याला निर्वाताची ओळख फ्रिजच्याही आधीची आहे. दौंड-मनमाड मार्ग १८७८ चा. दौंड जंक्शनवरून पुढे कित्येक दशकं ज्या गाड्या धावल्या, त्यांचे ब्रेक व्हॅक्युमवर चालत. गाडीभर लांब नळीत पाऱ्याच्या सुमारे ५३ सेंटिमीटरइतका निर्वात टिकला तरच ब्रेक सुटलेले राहत. कुठे होजपाइप फाटला, कुणी साखळी ओढली, की नळीत हवा शिरे आणि गाडी आपोआप उभी राही. पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या साखर कारखान्यांनी हीच विद्या उसाच्या रसाला लावली. उघड्या कढईत पाक जितका तापतो तितकं तापवलं तर साखर करपते आणि तिला रंग चढतो. पॅनमध्ये निर्वात असला की तोच पाक ६५ ते ७० अंशांना उकळतो आणि दाणा पांढरा धरतो. कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीत तर निर्वाताशिवाय पान हलत नाही. सॉल्व्हंट परत मिळवायचं असो, औषधाची भुकटी वाळवायची असो, उष्णतेने बिघडणारा माल कमी तापमानात उकळायचा असो, शेवटी पंपच सुरू करावा लागतो.

या सगळ्यांत हट्टी गिऱ्हाईक म्हणजे प्लाझ्माचं यंत्र.

गिअर, साचे, क्रँकशाफ्ट यांचा पृष्ठभाग कठीण करायची एक रीत आहे प्लाझ्मा नायट्रायडिंग. ती भारतीय उद्योगापर्यंत पोचवण्यात गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. लोखंडी चेंबरमध्ये माल रचतात आणि आतला दाब ०.०५ मिलीबारच्या आसपास उतरवतात. शिरूरसारख्या समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीच्या गावात हवेचा दाब साधारण ९५० मिलीबार असतो. म्हणजे तो जवळजवळ वीस हजारपटीने कमी करायचा. मग नायट्रोजन आणि हायड्रोजन मोजून सोडायचे, दाब एक ते पाच मिलीबारवर धरायचा आणि काहीशे व्होल्ट लावायचे. मालाभोवती जांभळट प्रभा उभी राहते, पोलाद साधारण ४५० ते ५७० अंशांपर्यंत तापतं आणि नायट्रोजन तासन् तास त्यात मुरत राहतो. एवढा वेळ पंपाने दाब धरला पाहिजे आणि गॅसची मात्रा हलता कामा नये. मध्येच हवा शिरली तर ऑक्सिडेशनचे डाग पडतात आणि थराचा भरवसा राहत नाही.

या कामाचा जुना, खात्रीचा घोडा म्हणजे तेलावर चालणारा रोटरी व्हेन पंप. गोल पोकळीत थोडा एका बाजूला सरकवलेला रोटर, त्याच्या खाचांत सरकणाऱ्या पात्या, आणि पात्या व भिंत यांच्यामधली फट बुजवणारं तेल. जर्मन शास्त्रज्ञ वोल्फगांग गेडे याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाच्या फिरत्या पंपाला उपयोगी रूप दिलं, आणि १९३५ मध्ये त्यात गॅस बॅलास्टची भर घातली. दाबताना पाण्याची वाफ पंपातच द्रव होऊ नये म्हणून त्या टप्प्यावर थोडी बाहेरची हवा आत घ्यायची, एवढीच ही युक्ती. पावसाळ्यात चेंबर उघडून माल बदलला की भिंतींवर ओल बसते. तेव्हा पहिली वीस-तीस मिनिटं बॅलास्ट उघडा ठेवून पंप चालवला तर ओल बाहेर पडते. बॅलास्ट उघडा असताना तळाचा निर्वात थोडा कमी मिळतो, एवढ्यासाठी तो कायम बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. ते तेलाचा आणि पात्यांचा जीव घेतात.

पंपाची तब्येत तेलात दिसते. नवं तेल मधाळ, पारदर्शक असतं. पाणी शिरलं की काचेतून ते ताकासारखं पांढरट दिसू लागतं. काळं पडलं तर ते तापलेलं किंवा जळलेलं आहे. काठी बुडवल्यावर तार धरू लागलं तर प्रक्रियेतलं काहीतरी त्यात मुरलं आहे. तेल बदलताना पंप गरम असावा, म्हणजे गाळही सोबत निघतो. भरून थोडा वेळ फिरवायचं, ते तेल काढून टाकायचं आणि पुन्हा नवं भरायचं. तरच ते बदललं म्हणता येतं. पंपाची निगा कॅलेंडरवर चालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नायट्रोजन ओढणाऱ्या पंपाचं तेल महिनोन् महिने टिकतं, ओला किंवा आम्लयुक्त वायू ओढणाऱ्याचं आठवड्यात संपतं. दोघांना एकच तारीख लावणारा वार्षिक करार कागदावर स्वस्त दिसतो, प्रत्यक्षात महाग पडतो.

एका बाबतीत मात्र कसलीही तडजोड नाही. साफसफाईसाठी शुद्ध ऑक्सिजनचा प्लाझ्मा वापरणाऱ्या यंत्रावर साध्या खनिज तेलाचा पंप लावायचा नाही. दाबाखाली ऑक्सिजन आणि खनिज तेल एकत्र आले तर पंप फुटू शकतो. तिथे पीएफपीई जातीचं, न जळणारं तेल लागतं किंवा कोरडा पंप. पीएफपीई कितीतरी महाग असतं, म्हणून खरेदी विभागाला ते डोळ्यांत खुपतं. पंपावर ठळक अक्षरांत तेलाचं नाव लिहून ठेवावं. रात्रपाळीला डबा उचलणारा माणूस ते वाचूनच तेल ओतणार आहे.

गॅसच्या बाजूलाही अशीच शिस्त लागते. आपल्याकडे सिलिंडर रंगावरून ओळखतात: ऑक्सिजन काळा, हायड्रोजन लाल, आर्गन निळा, हेलियम तपकिरी. ज्वलनशील वायूंच्या जोडणीचे आटे उलटे, डावीकडे फिरणारे असतात, म्हणजे चुकून भलता रेग्युलेटर बसत नाही. सिलिंडरांचे नियम २०१६ चे आहेत आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. हायड्रोजन हवेत चार टक्के झाला की पेट घेऊ शकतो. फ्रिजमध्ये भरतात तो आयसोब्युटेन पावणेदोन टक्क्यांच्या पुढेच पेटू शकतो, शिवाय तो हवेपेक्षा जड असल्याने खड्ड्यात, गटारात साचतो. म्हणून पंपाचा एक्झॉस्ट शेडमध्ये मोकळा सोडायचा नाही, छपराबाहेर न्यायचा. मोजमापातही वायू फसवतो. निर्वात मोजणारा पिरानी गेज नायट्रोजनवर बेतलेला असतो. आत हायड्रोजन असला तर तो असलेल्यापेक्षा जास्त दाब दाखवतो. कपॅसिटन्स गेजला वायूचा फरक पडत नाही, म्हणून प्रक्रियेचा दाब त्यावरच धरावा.

आता सगळ्यात जास्त डोकं लागणारं काम, गळती शोधणं. चेंबर रिकामा करायचा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि घड्याळ लावून दाब लिहीत बसायचं. समजा चेंबर ३०० लिटरचा आहे आणि दहा मिनिटांत दाब ०.०२ मिलीबारने चढला. आकारमानाला दाबवाढीने गुणून सेकंदांनी भागलं की सेकंदाला ०.०१ मिलीबार-लिटर गळती येते. म्हणजे दर दीड मिनिटाला बाहेरची सुमारे एक घन सेंटिमीटर हवा आत येते आहे. पण आकड्यापेक्षा आलेखाचा आकार जास्त बोलतो. रेषा सरळ चढत राहिली तर बाहेरून भोक आहे. सुरुवातीला चढून मग वाकून आडवी होऊ लागली तर भिंतींवरची ओल किंवा तेलकटपणा सुटतो आहे. तिथे ओ-रिंग बदलून काही होत नाही, चेंबर तापवायला आणि पुसायला हवा. आंधळ्या भोकात गच्च बसलेल्या बोल्टखाली अडकलेली हवाही दिवसभर हळूहळू सुटत राहते आणि नवख्याला वेड लावते. खरी गळती असेल तर चेंबरला हेलियम ओळखणारा डिटेक्टर जोडून बाहेरून हेलियमचा बारीक झोत वरून खाली मारत जायचं, कारण हेलियम वर चढतो आणि खालून सुरुवात केली तर वरचा फ्लँज उगाच दोषी ठरतो. पुष्कळदा शेवटी सापडतो तो ओ-रिंगवरचा एक केस किंवा फ्लँजवर आडवा गेलेला नखाएवढा ओरखडा. म्हणून फ्लँज साफ करताना स्क्रू-ड्रायव्हर वापरणाऱ्याचा हात अनुभवी फिटर तिथल्या तिथे धरतो.

या मातीच्याही काही अडचणी आहेत. बोअरचं जड पाणी थंड करण्याच्या जॅकेटमध्ये क्षारांचे थर बसवतं आणि पंप तापू लागतो. दौंडच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की कुरकुंभकडच्या, पाण्याच्या कड्यावर चालणाऱ्या वॉटर रिंग पंपांचा निर्वात उतरतो. पाण्याच्या वाफेचा दाब ३० अंशांना ४२ मिलीबार आणि ४० अंशांना ७४ मिलीबार असतो, त्याच्या खाली तो पंप जाऊच शकत नाही. तेव्हा पंप उघडत बसण्यापेक्षा कूलिंग टॉवर बघावा. लाइनचं काम झाल्यावर फेज उलटसुलट जोडले गेले तर तीन फेजचा पंप उलटा फिरतो आणि चेंबरकडे तेल ढकलू शकतो. फेज रिव्हर्सल रिले यासाठीच असतो. वीज गेली की पंपाचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो की नाही, हे महिन्यातून एकदा मुद्दाम वीज तोडून तपासावं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचा क्लस्टर जाहीर केला. इलेक्ट्रॉनिक्स जितकं बारीक होत जाईल, तितकी प्लाझ्मा, कोटिंग आणि निर्वाताची यंत्रं वाढतील. ती सांभाळणारे हात बाहेरून आणायचे की शिरूर-दौंडच्या पोरांनी तयार व्हायचं, हा निर्णय आताच घ्यायला हवा. आयटीआयच्या रेफ्रिजरेशनच्या अभ्यासक्रमात मुलं व्हॅक्युम पंप हाताळतात, गॅस भरतात. त्यालाच जोडून दाबवाढीचा आलेख, गेजची निवड, तेलाची पारख आणि हेलियमने गळती शोधणं शिकवता येईल. कारखान्यांनी कामातून काढलेले चार पंप आणि एखादा जुना चेंबर जवळच्या आयटीआयला द्यावा, आणि आपल्या सगळ्यात मुरलेल्या फिटरला महिन्यातून एक दिवस भरपगारी तिथे शिकवायला पाठवावं.