मृत्यूचा आकडा आणि घरातला कागद

कोरोनाच्या काळात सरकारने काय केले आणि काय केले नाही, हा वाद अजून मिटलेला नाही. निवडणूक आली की तो पुन्हा निघतो. नाक्यावर, विहारात वंदना झाल्यावर, कोणाच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या माणसांतही तो होतो. एकजण केंद्राला दोष देतो, दुसरा राज्याला. या पानावर आम्हाला कोणत्या पक्षाची वकिली करायची नाही. पण या वादाचा आपल्या वस्तीच्या आरोग्याशी जो खरा संबंध आहे, तो सांगणे हे या पानाचे कामच आहे. मेलेला माणूस सरकारदरबारी मोजला कसा जातो, आणि मोजला गेला नाही तर मागे राहिलेल्यांचे काय होते, एवढाच आमचा विषय.

सर्वात जास्त गाजलेला वाद ऑक्सिजनचा. २० जुलै २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री भारती पवार यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले. ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे मृत्यू झाल्याचे कोणत्याही राज्याने किंवा केंद्रशासित प्रदेशाने वेगळे असे कळवलेले नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, हेही त्यात होतेच. एप्रिलमध्ये सिलिंडरसाठी रात्रभर रांगेत उभे राहिलेल्यांना हे उत्तर पचण्यासारखे नव्हते. देशभर संताप झाला. महाराष्ट्रात तेव्हा महाविकास आघाडीचे सरकार होते आणि त्यातले नेते केंद्रावर तुटून पडले. मात्र त्याच आठवड्यात राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनीही सांगितले की, महाराष्ट्रात ऑक्सिजनअभावी मृत्यू झालेला नाही. म्हणजे एकमेकांवर आरोप करणाऱ्या दोन्ही सरकारांचे या एका मुद्द्यावर एकमत होते.

आता २१ एप्रिल २०२१ चा नाशिकचा प्रसंग आठवा. महापालिकेच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब उतरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. सरकारी भाषेत ही दुर्घटना ठरली. ऑक्सिजनचा 'तुटवडा' नव्हे. शब्द बदलला की माणूस एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो, आणि कधी कधी कोणत्याच रकान्यात राहत नाही.

हे होते कसे? दवाखान्यात माणूस गेला की डॉक्टर मृत्यूच्या कारणाचे वैद्यकीय प्रमाणपत्र भरतात. त्यात कारणांची साखळी लिहायची असते. पहिल्या ओळीत शेवटचे कारण, म्हणजे श्वसनक्रिया निकामी होणे. ते कशामुळे झाले, तर न्यूमोनियामुळे. न्यूमोनिया कशामुळे, तर कोविडमुळे. सर्वात खालच्या ओळीतले हे मूळ कारण मोजणीत धरतात. मधुमेह, रक्तदाब यांसारखे जुने आजार खालच्या वेगळ्या भागात लिहायचे असतात. या सगळ्या साखळीत 'ऑक्सिजन मिळाला नाही' असे लिहायला जागाच नाही, कारण तो आजार नाही, ती व्यवस्थेची चूक आहे. प्रमाणपत्र आजार विचारते, व्यवस्थेबद्दल विचारत नाही. म्हणून 'तशी नोंद आलेली नाही' हे उत्तर कागदावर खरे ठरू शकते आणि तरीही त्यातून काहीच कळत नाही.

याहून मोठी गफलत मूळ कारणाच्या ओळीत झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्येच सांगितले होते की, कोविड हे मूळ कारण म्हणून लिहा, नुसते 'हृदय बंद पडले' असे लिहू नका. शेवटी हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते! चाचणी निगेटिव्ह असली पण लक्षणे कोविडची असली, तर 'संशयित कोविड' म्हणून नोंदवण्यासाठी वेगळा संकेतांकही होता. पण रोज जाहीर होणाऱ्या आकड्यात मुख्यतः चाचणी पॉझिटिव्ह आलेलेच मोजले गेले. ज्याची चाचणीच झाली नाही, जो बेड शोधता शोधता रिक्षात गेला किंवा घरी गेला, तो त्या आकड्याबाहेर राहिला.

जून २०२० मध्ये विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून मुंबईतले साडेनऊशेच्या आसपास मृत्यू लपवल्याचा आरोप केला. १६ जून रोजी राज्याने जुन्या नोंदी ताळ्यावर आणून एकाच दिवशी १,३२८ मृत्यू वाढवले. त्यातले ८६२ मुंबईचे होते. आरोपात तथ्य होते, हे त्यातून दिसलेच. पुढे मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अंदाज मांडला की, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख मृत्यू जास्त झाले. सरकारचा कोविड मृत्यूंचा आकडा होता सुमारे ४ लाख ८१ हजार. तेव्हा केंद्रातल्या भाजप सरकारने हा अंदाज काढण्याची पद्धतच चुकीची असल्याचे सांगून तो फेटाळला. मुंबईत मोजणीवर शंका घेणारा पक्ष दिल्लीत मोजणीचा रखवालदार झाला. बाकीच्या पक्षांचेही वागणे फार वेगळे नव्हते. जिथे आपली सत्ता तिथला आकडा बरोबर, एवढाच सगळ्यांचा हिशेब.

परदेशी अंदाजावर विश्वास नसेल, तर आपल्याच सरकारची नोंदवही पाहावी. नागरी नोंदणीनुसार २०२० मध्ये देशात सुमारे ८१ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची वाढ. त्याच २०२१ सालचे अधिकृत कोविड मृत्यू साधारण ३ लाख ३० हजार. वाढलेला प्रत्येक मृत्यू कोविडचा होता असे आम्ही म्हणत नाही. काही वाढ नोंदणी सुधारल्याचीही असेल, आणि दुसऱ्या आजारांचे उपचार बंद पडल्यामुळे गेलेले तर नक्कीच असतील. पण एवढे अंतर नुसत्या चुकीने पडत नाही. २०२१ चा हा अहवाल बाहेर आला तो मे २०२५ मध्ये. तोवर भांडणारे दुसऱ्या विषयावर गेलेले होते.

मोजणीतला हा घोळ घरापर्यंत आला तो नुकसानभरपाईच्या वेळी. १४ मार्च २०२० रोजी केंद्राने कोविडला आपत्ती ठरवून मृतांच्या वारसांना ४ लाख रुपये देण्याचे पत्र काढले आणि त्याच दिवशी बदलून मदतीचा भाग गाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार वारसांना मदत देणे सरकारवर बंधनकारक आहे. रक्कम मात्र सरकारवर सोपवली. ती ठरली ५० हजार. चाचणीनंतर ३० दिवसांच्या आत झालेला मृत्यू यासाठी ग्राह्य धरायचा, आणि केवळ दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही म्हणून कोणालाही नाकारायचे नाही, असेही न्यायालयाने बजावले. मग अर्ज आले. जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रात अधिकृत मृत्यू सुमारे १ लाख ४१ हजार, तर अर्ज २ लाख १३ हजारांवर. गुजरातमध्ये अधिकृत मृत्यू १० हजारांच्या आसपास आणि अर्ज सुमारे ८९ हजार! काही अर्ज दुबार असतील, काही खोटेही असतील. पण ज्यांच्याकडे चाचणीचा अहवाल, दवाखान्याची फाइल, मोबाइलवरचा अर्ज भरणारा कोणी होता, तेच या रांगेपर्यंत पोहोचले, हेही ध्यानात घ्यावे. वस्तीतल्या किती घरांत हे सगळे होते, ते वाचकांनीच सांगावे. त्या अर्जांची मुदत आता केव्हाच सरली आहे.

'आरोग्य राज्याचा विषय' या वाक्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण ते ढालीसारखे वापरले गेले. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यसूचीत आहेत, हे खरे. पण संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे समवर्ती सूचीत आहे, म्हणजे तिथे केंद्र आणि राज्य दोघेही आले. आणि अनुच्छेद ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे 'राज्या'चे कर्तव्य ठरवतो. तिथे राज्य म्हणजे फक्त महाराष्ट्र शासन नव्हे. अनुच्छेद १२ मधली व्याख्याच तिथे लागू होते आणि तिच्यात केंद्र सरकार, राज्य सरकार, महानगरपालिका, ग्रामपंचायत सगळे येतात. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने कोणालाच निसटायला वाट ठेवलेली नाही.

वादात जे फारसे आले नाही ते वस्तीचे. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत रक्ततपासणी झाली. झोपडपट्टीतल्या सुमारे ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले, इमारतींत तो १६ टक्के. दहा बाय दहाच्या खोलीत आणि सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत 'अंतर ठेवा' म्हणजे काय, याचे उत्तर त्या आकड्यात आहे. त्याच महिन्यात पुढारी धारावीतली साथ आटोक्यात आणल्याचे श्रेय कोणाचे यावर भांडत होते. दुसरीकडे दवाखाने, यंत्रे आणि कर्मचारी कोविडकडे वळवले गेले. देशात २०१९ मध्ये क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले होते, २०२० मध्ये १८ लाख. क्षयरोग कमी झाला नव्हता, तो शोधणे कमी झाले होते. न सापडलेला रुग्ण घरातच खोकत राहिला. लहान मुलांच्या लसी चुकल्या आणि २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराची साथ आली, त्यात मुले गेली. ही मुले कोविडच्या कोणत्याच आकड्यात नाहीत.

१८९७ च्या प्लेगमध्येही असेच झाले होते. सरकारी बंदोबस्ताच्या जुलमावर पुण्यात मोठे राजकारण पेटले, त्याची पाने इतिहासात भरपूर आहेत. आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचवणाऱ्या आणि त्याच प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेलेल्या सावित्रीबाईंना त्या पानांत जागा मिळायला फार वर्षे लागली.

आता आपल्या हातात असलेल्या कागदाकडे येऊ. घरात मृत्यू झाला की जलदान विधीच्या गडबडीत हे राहून जाते, म्हणून वस्तीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीवर किंवा मुलावर हे काम सोपवून ठेवावे. पालिकेचा मृत्यू दाखला आणि मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत. पहिल्यावर कारण नसते. दुसऱ्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला विनामूल्य देणे आता रुग्णालयांवर बंधनकारक आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. ती प्रत दवाखाना सोडण्यापूर्वी मागावी, वाचावी, आणि नुसते 'हृदयक्रिया बंद' असे लिहिलेले असेल तर मूळ आजार लिहिण्याची विनंती डॉक्टरांना तिथेच करावी. नंतर बदल करून घेणे फार जड जाते. घरी मृत्यू झाला असेल तर शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरकडून प्रमाणपत्र घ्यावे, त्याचेही पैसे लागत नाहीत.

देशात २०२१ मध्ये नोंदलेल्या दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे २३ मृत्यूंनाच असे वैद्यकीय प्रमाणपत्र होते. बाकीचे कशाने गेले ते सरकारला ठाऊक नाही, त्यामुळे पुढच्या साथीत कोणत्या वस्तीत आधी दवाखाना उभारायचा हेही त्याला ठाऊक नसणार.

नोंदणी २१ दिवसांच्या आत वॉर्ड ऑफिसात किंवा ग्रामपंचायतीत करावी. रुग्णालयात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते, तरी कळवले की नाही ते स्वतः जाऊन पाहावे. नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहून घ्यावे. बायकांच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे नाव यांत बहुतेक अर्ज अडकतात. ३० दिवस उलटले तर जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. वेळेत नोंद केली तर दाखला सात दिवसांत मिळायला हवा, आणि तोही विनामूल्य.